आनंदात डोळे का भरून येतात?

गेल्या वर्षीच्या गुणगौरव समारंभात आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण प्रस्तुत लेख त्या चुकीतूनच निघाला आहे.

दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार चालू होता आणि सूत्रसंचालन आमच्याकडे होते. बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या एका मुलाचे नाव आम्ही पुकारले आणि मंडळाच्या प्रथेप्रमाणे त्याच्या आईलाही व्यासपीठावर बोलावले. मुलाने प्रमाणपत्र स्वीकारले. आईच्या हाती गुलाबपुष्प व ग्रंथ दिला, फोटो निघाला आणि त्या माउलीचा बांध फुटला. पदर तोंडाला लावून ती हुंदके देऊ लागली. टाळ्या थांबल्या. काय करावे ते आम्हांला सुचेना. अजून बरीच नावे पुकारायची होती, प्रमुख पाहुण्यांना गाडी गाठायची होती. म्हणून आम्ही माईकवरून म्हणालो, "अहो ताई, आज रडायचं काय? आज तर आनंदाचा दिवस! हसा बघू जरा!" सभागृहात हशा पिकला. ताई डोळे पुसत घाईघाईने खाली उतरल्या. मुलगा मान खाली घालून त्यांच्यामागे गेला. आम्ही पुढचे नाव पुकारले.

चार दिवसांनी तो मुलगा आमच्या घरी आला. जय भीम वगैरे झाल्यावर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "काका, आई त्या दिवशी का रडली? मी तर पास झालो होतो ना? मित्र चिडवतात मला." आम्ही नेहमीचे उत्तर दिले, की बाळा, ते आनंदाश्रू. त्यावर त्याने विचारले, "पण आनंदाला अश्रू कशाला लागतात?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. आनंदाश्रू हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की त्याने काहीतरी समजावले असेच वाटते. प्रत्यक्षात तो त्या कोड्यालाच दिलेले एक नाव आहे. विज्ञान शाखेचा विद्यार्थी तो. त्याला नुसत्या शब्दाने गप्प बसवणे बरे नव्हे. म्हणून गेले वर्षभर जमेल तसे वाचले, परिचयातील डॉक्टर मंडळींना विचारले, आणि जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

प्रथम शरीराची माहिती घेऊ. ती क्रमिक पुस्तकात असते, पण परीक्षेनंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. भुवईखाली, डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या व बाहेरच्या बाजूस बदामाच्या आकाराची अश्रुग्रंथी असते. डोळा ओला राहावा म्हणून थोडे पाणी सतत पाझरतच असते; ते आपल्याला जाणवतही नाही. कांदा चिरताना किंवा चुलीच्या धुराने जे पाणी येते ते दुसऱ्या प्रकारचे, डोळ्याच्या रक्षणासाठी आलेले. तिसरे ते भावनेचे. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात बारीक छिद्रे असतात. त्यांतून हे पाणी एका नलिकेवाटे नाकात उतरते. रडताना नाक का वाहते आणि डोळ्यांबरोबर नाकही का पुसावे लागते, याचे कारण हेच. पाणी या नलिकेच्या आवाक्याबाहेर गेले म्हणजे ते गालावर ओघळते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुःखाच्या अश्रूंची ग्रंथी वेगळी आणि आनंदाच्या अश्रूंची वेगळी, असे काही नाही. ग्रंथी तीच, मज्जातंतूही तेच. अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम फ्रे यांनी १९८० च्या सुमारास लोकांना हृदयद्रावक चित्रपट दाखवून त्यांचे अश्रू नळ्यांत गोळा केले आणि कांद्याने आलेल्या अश्रूंशी ते ताडून पाहिले. भावनेच्या अश्रूंत प्रथिने अधिक आढळली. त्यावरून रडण्यावाटे शरीर ताणाची द्रव्ये बाहेर टाकते असा तर्क त्यांनी केला, आणि "रडून घ्या, विष निघून जाईल" हे वाक्य जगभरच्या मासिकांत छापून आले. तर्क आकर्षक आहे, पण त्याला पुढे भक्कम पुरावा मिळाला नाही. अश्रूंचे प्रमाण ते किती! चमचाभर पाण्यावाटे शरीराची शुद्धी होते असे मानणे आम्हांला तरी जड जाते.

चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली मनुष्य व प्राणी यांच्या भावनाविष्कारावर एक संपूर्ण ग्रंथच लिहिला. अगदी तान्ही मुले टाहो फोडतात, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत नाही, हे त्यांनी आपल्याच मुलांवरून टिपले. त्यांचे एक बाळ ७७ दिवसांचे असताना त्यांच्या कोटाची बाही चुकून बाळाच्या एका डोळ्याला लागली. त्या डोळ्यातून पाणी आले; बाळ जोराने ओरडत होते तरी दुसरा डोळा कोरडाच! आपल्या घरातल्या आयाबायांनाही हे ठाऊक असते, पण त्यांनी ते वहीत लिहून ठेवले नाही, एवढाच फरक. म्हणजे ओरडणे हे जन्मजात आणि डोळ्यांतले पाणी मागाहून येणारे. त्याच ग्रंथात डार्विन असेही नोंदवतात, की दीर्घ काळ दुरावलेले बाप-लेक अकस्मात भेटले तर बहुधा त्यांचे डोळे भरून येतात. भेट अनपेक्षित असेल तर अधिकच. येथे "दुरावलेले" हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण आमच्या मते सगळी किल्ली त्यातच आहे.

सर्वसाधारण समज असा, की आनंद अतिशय झाला म्हणजे भांडे काठोकाठ भरून सांडते, तसे डोळे सांडतात. हे खरे असते तर जितका आनंद मोठा तितके रडू मोठे असायला हवे होते. पण तसे दिसत नाही. सहलीला गेलेली मुले आनंदाने वेडी होतात, ती रडत नाहीत. पोटभर आवडीचे जेवण झाले, मित्रांची मैफल जमली, तर डोळे भरत नाहीत. फार हसल्याने पाणी येते ते सोडून द्या. तेथे डोळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि पाणी निघते. उलट ज्यांचे डोळे आनंदात भरून येतात त्यांच्याकडे नीट पाहा. पाच वर्षे खेटे घातल्यावर नोकरीचा आदेश हाती आलेला तरुण. अवघड बाळंतपणानंतर बाळाचा पहिला आवाज ऐकणारी आई. परदेशातून परतलेल्या लेकाला विमानतळावर मिठी मारणारा बाप. या प्रत्येकाच्या आनंदामागे काहीतरी लांबलचक उभे आहे.

१९७९ साली जे एफ्रन आणि टिमोथी स्पँगलर या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हाच धागा धरला. मोठी माणसे का रडतात, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी 'द मिरॅकल वर्कर' या हेलन केलर यांच्या बालपणावरील चित्रपटाचा उपयोग केला. हेलन केलर यांचे नाव विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते, पण ती हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८८० साली जन्मलेली ही मुलगी एकोणीस महिन्यांची असताना आजारी पडली आणि तिची दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही गेली. बोलणे शिकण्याचा मार्गच बंद झाला. सात वर्षांची होईतो ती हट्टी, मारकुटी झाली होती. घरचे लोक हतबल होते. ३ मार्च १८८७ रोजी ॲन सुलिव्हन ही विशीतली शिक्षिका तिच्या घरी आली. ती हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढून शब्द शिकवू पाहत होती. महिनाभर झटापट चालली. हेलन अक्षरांची नक्कल करी, पण त्यांचा अर्थ तिला उमगत नव्हता. ५ एप्रिलला पाण्याच्या पंपापाशी शिक्षिकेने तिचा एक हात धारेखाली धरला आणि दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द लिहिला. आणि त्या क्षणी हेलनला कळले, की हे जे गार गार वाहते आहे, त्याचेच हे नाव! त्या दिवशी तिने एकामागून एक वस्तूंची नावे विचारून शिक्षिकेला दमवले.

आता वाचकांनीच सांगावे, हा चित्रपट पाहताना डोळ्यांत पाणी केव्हा येईल? आंधळी-बहिरी पोर धडपडते, जेवणाच्या टेबलावर शिक्षिकेशी झुंजते, तेव्हा छातीवर दडपण येते, पण डोळे बहुधा कोरडेच राहतात. पाणी येते ते पंपापाशी. दुःख संपते तेथे! एफ्रन व स्पँगलर यांनी यावरून असे मांडले, की रडण्याच्या दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत ताण चढतो. दुसरीत तो ताण एकाएकी निरर्थक ठरतो, सैल पडतो, आणि अश्रू येतात ते या दुसऱ्या पायरीवर. आनंदाचे रडे आणि दुःखाचे रडे यांत त्यांच्या मते मोठा भेद नाही. दुःखातही माणूस लढत असतो तोवर रडत नाही, हात टेकतो तेव्हा रडतो.

शरीररचनाही याला पूरक दिसते. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या चेतासंस्थेचे दोन भाग आहेत. अनुकंपी भाग संकटात जागा होतो. छाती धडधडते, घाम सुटतो, शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. परानुकंपी भाग विश्रांतीचा, पचनाचा, शरीर पूर्ववत करण्याचा. अश्रुग्रंथीला पाणी सोडण्याचा आदेश मुख्यतः या दुसऱ्या भागाकडून, चेहऱ्याच्या सातव्या मज्जातंतूच्या वाटेने येतो. ही विभागणी काटेकोर समजू नये. हुंदके देताना दोन्ही भाग काम करीत असतात. कंठ दाटतो तोही या ओढाताणीमुळेच, असे स्पष्टीकरण दिले जाते. श्वास अधिक यावा म्हणून घशातील द्वार उघडे ठेवण्याची आज्ञा असते, आणि आवंढा गिळायचा तर ते मिटावे लागते. तथापि पाण्याचा नळ विसाव्याच्या बाजूला बसवलेला आहे, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटली.

त्याहून जुने एक उत्तर आहे आणि आम्हांला ते सर्वांत जवळचे वाटते. जोसेफ वाईस या अमेरिकन मनोविश्लेषकाने १९५२ साली, चित्रपटाचा शेवट गोड झाल्यावर लोक का रडतात, यावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे: संकट चालू असते तेव्हा माणसाला दुःख करण्याची सोय नसते. त्यावेळी दुःख करीत बसला तर तो कोलमडेल. म्हणून मन ते दुःख दाबून, बाजूला सारून ठेवते. पुढे सर्व काही ठीक झाले, आता धोका उरला नाही अशी खात्री पटली, की दाबण्याची गरज संपते आणि बाजूला सारलेले दुःख बाहेर येते. म्हणजे आनंदाच्या क्षणी येणारे रडे हे बऱ्याच अंशी जुनेच रडे असते, थकलेले. त्याला बाहेर पडायला सुरक्षित जागा आत्ता मिळाली.

याचा पडताळा आम्हांला सहा डिसेंबरच्या दादरच्या गर्दीत अनेकदा आला आहे. स्वयंसेवक म्हणून बसलो असता हरवलेली मुले आमच्याकडे आणली जातात. चार-पाच वर्षांचे पोर, आईचा हात सुटलेला. कित्येक मुले आमच्यापाशी एका कोपऱ्यात गप्प बसून राहतात. नाव विचारले तर सांगतात, बिस्किट दिले तर हातात धरून ठेवतात, खात नाहीत. डोळे तेवढे गर्दीवर. लाउडस्पीकरवरून पुकारा होतो, तासाभराने आई धावत येते, आणि तिला पाहिल्याबरोबर इतका वेळ दगडासारखे बसलेले ते पोर असा काही टाहो फोडते, की ऐकणाऱ्याला वाटावे आताच कोणीतरी मारले. आईसुद्धा रडते, आधी एक धपाटा घालते आणि मग रडते. हरवले होते तेव्हा नाही, सापडले तेव्हा! वाईसचा निबंध आम्ही वाचला नव्हता, पण त्यातील सिद्धान्त दरवर्षी डोळ्यांपुढे घडत होता.

सार्वजनिक जीवनातील एक प्रसंग येथे आठवतो. ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अमेरिकेतील शिकागो शहरात ग्रँट पार्कवर लाखो लोक जमले होते. बराक ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्याचे जाहीर झाले. त्या गर्दीत एक साठी उलटलेले कृष्णवर्णीय गृहस्थ उभे होते आणि त्यांच्या गालांवरून अश्रू ओघळत होते. ते रेव्हरंड जेसी जॅक्सन. ते चित्र जगभर दाखवले गेले. हे गृहस्थ १९८४ आणि १९८८ साली स्वतः राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडले होते आणि त्यांना ती मिळाली नव्हती. आणि त्याआधी, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिस शहरातील लॉरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली तेव्हा ते तेथे हजर होते. त्या रात्री का रडलात, असे पुढे त्यांना विचारले गेले. १९६३ साली मारले गेलेले मेडगर एव्हर्स, १९६८ साली मारले गेलेले किंग, हे हा क्षण पाहायला क्षणभर तरी हवे होते, असे मनात आले, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. म्हणजे विजयाच्या मैदानात उभे राहून हा मनुष्य चाळीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूसाठीही रडत होता. १९६८ साली पुढचे मोर्चे होते, संघटना सांभाळायची होती. त्या अश्रूंना केवळ आनंदाश्रू म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यांतला अर्धा भाग पुसून टाकणे होय.

आपल्या ओळखीचे उदाहरण हवे तर क्रिकेटचे घ्यावे. १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना प्रेक्षकांच्या गोंधळामुळे थांबला आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडेवर भारताने विश्वचषक जिंकला, आणि हरभजन सिंग, युवराज सिंग रडले. सहाव्या विश्वचषकात प्रथमच विजयी ठरलेल्या सचिन तेंडुलकरचेही डोळे भरले. नुसते चेहरे कापून शेजारी ठेवले तर कोणता पराभवाचा आणि कोणता विजयाचा ते सांगता येईल काय? हिलेल अविएझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली टेनिसपटूंच्या छायाचित्रांवर नेमकी हीच परीक्षा घेतली. गुण जिंकलेल्या व गमावलेल्या खेळाडूंचे फक्त चेहरे दाखवले तेव्हा पाहणाऱ्यांना फरक ओळखता येईना. शरीर दाखवले, मुठी-खांदे दिसले, तेव्हा ओळखता आला. आम्ही माईकवरून त्या ताईंचा चेहरा तेवढा पाहिला होता.

याच विषयावर अलीकडचे एक-दोन विचार सांगून पुढे जाऊ. ओरियाना अरागॉन या संशोधिकेने २०१५ साली येल विद्यापीठातून असे मांडले, की एखादी भावना फार तीव्र झाली तर मन तिच्या विरुद्ध भावनेचा आविष्कार करून तोल सावरते. गोंडस बाळ दिसले की आपण त्याचा गालगुच्चा घेतो, "चावून खावंसं वाटतं" म्हणतो, तसेच आनंदातले रडे. अशी उलट अभिव्यक्ती करणारी माणसे तीव्र भावनेतून लवकर भानावर येतात, असे त्यांना दिसले. हे असू शकेल. पण बाळाचा गाल आणि चाळीस वर्षांचा संघर्ष एका तागडीत घालणे आम्हांला फारसे पटत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲलन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर या भावनेला संस्कृतातून नाव घेतले आहे: काममूत. माणसामाणसांतील जिव्हाळा अकस्मात दाटून येतो तेव्हा छातीत ऊब वाटते, अंगावर काटा येतो, डोळे ओलावतात, या सर्व अवस्थेला त्यांनी ते दिले. त्यांना मराठी येत असते तर इतक्या लांब जाण्याचे कारण नव्हते. आपला "गहिवर" हा शब्द तेच सांगतो. गहिवरून येते ते मयताच्या घरीही आणि मुलीच्या पदवीदानालाही. ऊर भरून येतो, कंठ दाटतो, हे शब्दप्रयोगही असेच. त्यांत सुख की दुःख हे सांगितलेलेच नसते. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांनी हे दोन्ही एकाच ठिकाणाहून येताना पाहिले असावे.

आणि माणूस चारचौघांत का रडतो? नेदरलँड्समधील ॲड विंगरहुट्स यांनी आपले आयुष्य या विषयाच्या अभ्यासाला वाहिले. अश्रू ही जवळच्या माणसांना दिलेली हाक आहे, असे त्यांच्या २०१३ च्या ग्रंथाचे सार सांगता येईल. आरोळीने शत्रूलाही कळते; अश्रू समोरच्यालाच दिसतात आणि तो जवळ येतो. भावनेने अश्रू ढाळणारा प्राणी माणूस एकटाच, असे मानले जाते. २०२२ साली जपानी संशोधकांना, काही तासांनी मालक घरी परतल्यावर कुत्र्यांच्या डोळ्यांतील पाणी वाढते असे आढळले, पण ते गालावर ओघळत नाही. तेथेही आधी दुरावा होताच.

आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना मिलिंदप्रश्नाची आठवण होईल. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, ज्या मिलिंद महाविद्यालयाला बाबासाहेबांनी या राजाचे नाव दिले तोच हा ग्रीक वंशाचा राजा मिलिंद. तो भन्ते नागसेनांना विचारतो, की एकजण आईच्या मृत्यूने रडतो आणि एकजण धम्माच्या प्रेमाने रडतो. दोघांपैकी कोणाचे अश्रू औषध होत? नागसेन उत्तर देतात, की पहिल्याचे अश्रू राग-द्वेष-मोहाने उष्ण व मलिन असतात, दुसऱ्याचे प्रीतीने आलेले, निर्मळ व शीतल असतात. शीतलतेत औषध आहे. आता हे तापमापकाने मोजायचे तापमान नव्हे, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. पण दोन हजार वर्षांपूर्वी अश्रूंचे दोन प्रकार करून, त्यांतला एक बरे करणारा आहे, हे कोणाला तरी सुचले होते. आम्ही नम्रपणे एवढेच म्हणू, की आईबापांचे अश्रू बहुधा अशा स्वच्छ दोन वाटण्यांत बसत नाहीत. त्यांत थोडे उष्ण, थोडे शीत मिसळलेले असते.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. पक्षाघातानंतर किंवा मेंदूच्या काही विकारांत रुग्ण कारणावाचून रडू लागतो, नातू दिसला तरी रडतो, आणि घरच्यांना वाटते त्याला काही दुःख आहे. मनात तशी भावना नसतानाही मेंदूतील नियंत्रण ढिले झाल्याने असे होऊ शकते. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना अवश्य सांगावे. तसेच आनंदात ज्यांना रडू येत नाही त्यांनी आपण दगड आहोत असे समजू नये. माणसामाणसांत फरक असतोच. आपल्या समाजात तर मुलग्याला लहानपणापासून "बायकांसारखा रडतोस काय" म्हणून वाढवले जाते. त्या मुलाच्या मित्रांनी त्याला चिडवले तेही यातूनच.

हे सगळे आम्ही त्या मुलाला टप्प्याटप्प्याने सांगत गेलो. त्याला हेलन केलरची हकीकत आवडली, चेतासंस्थेची आकृती त्याने स्वतः काढून दाखवली. शेवटी आम्ही म्हणालो, की बाळा, पुस्तकातले आम्ही सांगितले. तुझ्या आईचे तूच विचार. त्याने पुष्कळ दिवस लावले. मग एका रविवारी येऊन त्याने आईचे बोलणे सांगितले. ताई चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा अकरावीत असताना क्लासच्या फीसाठी त्यांनी एका घरी उचल मागितली होती. त्या घरच्या बाईंनी पाहुण्यांसमोर दोन शब्द ऐकवले आणि पैसे दिले नाहीत. दुसऱ्या घरी मिळाले. "तेव्हा नाही रडलीस?" असे मुलाने विचारले. त्या म्हणाल्या, "तेव्हा कुठं रं रडू? तिसऱ्या घरची भांडी राहिली होती." सत्काराच्या दिवशी हातात पुस्तक आले, टाळ्या झाल्या, आणि त्यांना ते पाहुणे आठवले.

हे ऐकल्यावर आम्ही ताईंच्या घरी जाऊन आलो. माईकवरून जे बोललो त्याबद्दल त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या भाऊ, तुम्हाला काय ठाव." चहा दिला. मुलगा आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे.

यंदाच्या गुणगौरव समारंभाचे सूत्रसंचालन दुसऱ्या कार्यकर्त्याकडे आहे. कार्यक्रमपत्रिका ठरवताना आम्ही त्याला एवढेच सांगितले आहे, की कोणाचे आई-वडील व्यासपीठावर रडू लागले तर माईक बाजूला ठेवावा, पाण्याचा पेला पुढे करावा, आणि पुढचे नाव लगेच पुकारू नये. पाहुण्यांची गाडी उशिराची ठेवली आहे.